गोळीच्या वाटेनं

पुढच्या दारानं चढायची बस आली की वाघमारे काका ती सोडून देतात. मागून चढायचं आणि पुढून उतरायचं, हा त्यांच्या मते निसर्गाचाच नियम. त्यामुळे घाटकोपरहून मुलुंडला यायला त्यांना कधी कधी दीड तास लागतो, तरी आमच्या रायफल क्लबचं कुलूप तेच उघडतात.

त्यांची सगळी नोकरी पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर ते क्लबच्या रायफली सांभाळतात. हातात काहीही आलं की आधी ते रिकामं आहे का बघणार, मग तो चहाचा पेला असो की माझा डबा. "आधी खात्री, मग हात," हे वर.

मी बेचाळिसाव्या वर्षी नेमबाजी शिकायला गेले. पहिले तीन रविवार त्यांनी मला एकही गोळी झाडू दिली नाही, नुसती साफसफाई. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी बघायचं, बोटानंही चाचपायचं. मग नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढायचा. चिंधी लावलेली सळई मागून, गोळी शिरते तिथूनच, सरळ रेषेत घालायची. पुढच्या तोंडाशी चिंधी बाहेर आली की ती काढून टाकायची आणि मगच सळई मागे घ्यायची. विसरले की काका विचारत, काढलेला केर परत घरात आणतेस काय?

चौथ्या महिन्यात एकदा मी घाईत होते. रायफल रिकामी आहे एवढं बघितलं, पण बोल्ट काढायचा कंटाळा केला आणि सळई सरळ पुढून घातली. ती नळीच्या तोंडावर खर्रकन घासली. काका मागेच उभे होते. आजूबाजूला चार-पाच जण. म्हटलं, आता आपली वाट लागली.

काका सगळे जाईपर्यंत थांबले. मग भिंग लावून नळीची कड बराच वेळ निरखली. बारीक ओरखडा होता. गोळी सुटताना शेवटी इथेच टेकते, म्हणून ही कड तान्ह्या बाळाच्या टाळूसारखी जपायची, एवढंच त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मी माफी मागितली.

"माझ्या सुनंदाकडूनही असंच झालं होतं," ते म्हणाले. सुनंदा त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा सतरा वर्षांची. "मी सगळ्यांसमोर बोललो. नको ते बोललो. नळी बदलून मिळाली गं. पोरीनं रायफल परत हातात नाही घेतली."

ती आता बोरिवलीला असते. दिवाळीला येते, सगळं बोलते. नेमबाजीचा विषय निघाला की पाणी आणायला उठते. हे सांगताना काकांचा हात रायफलीवरून तेलाचं फडकं फिरवत होता.

ते मला गेटपर्यंत सोडायला आले. मी रिक्षात बसताना त्यांनी विचारलं, "रविवारी येशील ना?"

येईन म्हटलं.

रिक्षा हलली, तसे ते चार पावलं बरोबर चालत आले.

"नाही, येणार असशील तर चिंध्या कापून ठेवतो."