निळो कोनेर यांच्या रिकाम्या दुपारांची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे चरणी मस्तक ठेवून, थोरांची आज्ञा घेऊन, आणि वाचणारांनी चुकलेमाकले पोटात घालावे ऐसी विनंती करून हकीकत लिहितो ती ऐसीजे. शके सतराशे, विलंबी नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, सरकारी दफ्तरखाना होता, आणि तेथे चाळीस कारकून बैठका घालून पत्रांच्या नकला करीत, आणि त्यांत निळो कोनेर म्हणोन एक कारकून होते, त्यांचा हात फार वेगाचा. इतरांस जे पत्र उतरण्यास चार दिवस लागत ते निळोपंत दोन प्रहरांच्या आत उतरून, शाईवर वाळू टाकून, घडी करून मोकळे होत, आणि मग दुपार सगळी पुढे पसरलेली. प्रथम ते भोळेपणाने उठोन दफ्तरदार अंबाजीपंतांकडे गेले आणि काम संपले, आणखी द्यावे म्हणोन बोलिले. अंबाजीपंतांनी शेजारच्या तिघांची पत्रे त्यांजपुढे ठेविली आणि ते तिघे सुपारी कातरीत बसले. ऐसे आठ दिवस जाहले, मग निळोपंत शहाणे जाहले. दफ्तरखान्याची रीत त्यांचे ध्यानी आली ती ऐसी की, काम नसणे हा अपराध नव्हे, काम संपणे हा अपराध. यास्तव कोणी एकच बोरू दहा वेळा तासीत, कोणी कोऱ्या कागदाकडे भुवया आकसून पाहात, आणि अंबाजीपंत त्यांस मेहनती म्हणत.

निळोपंतांनीही महिनाभर बोरू तासिला, परंतु जीव रमेना. घरी जावे तो अंग आंबलेले, आणि कुटुंबाने पुसावे की आज काय केले, तर सांगावयास काही नसे. मग एके दुपारी ते मागील दालनात गेले. तेथे तीन पिढ्यांचे कागद कापडी रुमालांत बांधोन टाकिले होते, कोणत्या रुमालात काय आहे हे कोणास ठाऊक नव्हते, आणि कागद मागितला असता सापडत नाही ऐसे उत्तर देण्याचा प्रघात होता. निळोपंतांनी एक रुमाल सोडिला, धूळ झाडिली, कसरीने खाल्लेली पाने वेगळी केली, आत काय आहे त्याची चिठ्ठी बाहेरून बांधिली, आणि दुसरा सोडिला. ऐसे दोन वर्षे गुपचूप चालिले, आणि मग एके दिवशी अंबाजीपंतांनी त्यांच्या पागोट्यावरील धूळ पाहिली. हुकुमावाचून कागदांस हात लाविला, सरकारी वेळात पदरचा उद्योग केला, ऐसा ठपका ठेवून त्यांस दूर करण्याचे पत्र लिहावयास दिले. ते पत्र उतरण्यास कारकुनास चार दिवस लागणार, म्हणोन निळोपंत अद्याप आपले बैठकीवर होते.

तिसरे दिवशी शेजारच्या राज्याचा वकील दरबारी आला आणि बोलिला की डोंगरापलीकडील आसरवाडी आमची, तुम्हांपाशी सनद असेल तर सूर्यास्तापूर्वी दाखवावी, नाही तर उद्या आमचे शिपाई गाव खाली करवितील. वाडीचे पाटील केरोजी दरबारात उभे होते. साठ घरे, थंडीचे दिवस, लेकरेबाळे घेऊन जावे कोठे. महाराजांनी दफ्तरखान्याकडे माणूस धाडिला, आणि अंबाजीपंतांनी मागील दालनाचे दार उघडिले, आणि रुमालांचे ढीग पाहोन मटकन खाली बसले. निळोपंत त्यांस वळसा घालून आत गेले, चिठ्ठ्या वाचीत पुढे सरकले, आणि पाव घटकेत सनद घेऊन बाहेर आले. वकिलाने शिक्का पाहिला, अक्षर पाहिले, आणि विडा घेऊन परत गेला. केरोजी पाटलांनी भर दरबारात निळोपंतांचे पाय धरिले.

महाराजांनी पुसिले, "हे कोणाचे हुकुमाने केले?"

अंबाजीपंत पुढे होऊन, आपल्याच देखरेखीने जाहले म्हणोन सांगू लागले. महाराजांनी निळोपंतांकडे पाहिले.

"हुकूम नव्हता, महाराज," निळोपंत बोलिले. "काम संपले होते."

ऐसे वाक्य त्या दरबारात पूर्वी कोणी ऐकिले नव्हते. महाराज बहुत संतोष पावले. अंबाजीपंतांस देखरेखीबद्दल शालजोडी दिधली, आणि निळोपंतांस दूर करण्याचे पत्र चौथे दिवशी तयार जाहले, त्याच कागदाचे पाठीवर त्यांची नवी नेमणूक लिहिली. रिकामवेळ खाते म्हणोन नवे खाते स्थापिले, हुकूम ऐसा की प्रत्येक कारकुनाने रोज दोन घटका रिकाम्या काढून त्यांत काही उपयुक्त करावे, केले ते तीन प्रतींत लिहून द्यावे, आणि निळोपंतांनी खात्याचे प्रमुख होऊन सर्व वाचून शेरा मारावा. मग एकाने लिहिले की खिडकीतून पाहिले व विचार केला, आणि दुसऱ्याने लिहिले की पहिला काय करितो यावर लक्ष ठेविले, आणि निळोपंत उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत शेरे मारू लागले. शेवटी कंटाळून, मला जुन्या बैठकीवर पाठवावे, ऐसा अर्ज त्यांनी केला. तो अर्ज अंबाजीपंतांकडे आला, आणि त्यांनी त्यावर लिहिले की, अर्जदारास अर्ज लिहिण्यास वेळ मिळाला, त्याअर्थी काम कमी पडते, वाढवावे.

येणेप्रमाणे आसरवाडी राखिली गेली, तेथील लोक सुखरूप नांदले, दफ्तरखान्याची शिस्त वाढली, आणि निम्मे रुमाल सोडावयाचे राहिले ते राहिलेच. घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही.