मागच्या खोलीची ऊब

गुआन ताइशानचे वडील गेले, तेव्हा त्यांच्या अंगावर दोन रजया आणि वर मेंढीच्या कातड्याचा कोट होता. घरात बॉयलर होता, खोलीखोलीत रेडिएटर होते. पण गरम पाणी सगळं पुढच्या खोलीतच फिरायचं. तिथं ताइशानच्या सासूबाई राहायच्या. मागे म्हाताऱ्यापर्यंत पोचायचं ते कोमट.

"विहीणबाईंच्या रेडिएटरचा कॉक जरा आवळ, म्हणजे माझ्याकडंही गरम पाणी येईल," असं सांगून सांगून म्हातारा थकला होता.

"बघतो, बाबा," ताइशान म्हणायचा. सासूबाईंच्या कॉकला हात लावायची त्याची छाती नव्हती.

आता निदान त्या गारठ्याचा उपयोग झाला. बहीण शेनझेनहून यायची होती, तोवर देह ठेवायला मागच्या खोलीइतकी सोयीची जागा नव्हती. खिडकी किलकिली करून म्हाताऱ्याला तिथंच फळीवर निजवलं.

समाचाराला आलेली माणसं पुढच्या खोलीत दाटीनं बसली. सूर्यफुलाच्या बिया सोलता सोलता त्यांना घाम फुटला.

"ताइशान, आम्हाला उकडून काढतोस की काय?" थोरले काका म्हणाले. "बंद कर ते."

एवढ्या माणसांत सासूबाईंनाही 'नको' म्हणता येईना. ताइशाननं कॉक पुरता आवळला. हळूहळू खोली निवली, माणसांनी पुन्हा कोट चढवले.

बायको, लीच्यू, उदबत्ती लावायला मागे गेली आणि तशीच परत आली.

"बाबांची खोली तापलीय," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

"खिडकी सताड उघड."

"उघडली. तू रेडिएटरला हात लावून बघ."

त्यानं लावला, तर चटका बसला. तिथला कॉक बसवल्यापासून कुणी फिरवलाच नव्हता. फिरवायला गेला तर दांडाच हातात आला. मागोमाग काका आले.

"बॉयलर विझव."

"बाहेर उणे तीस आहे, काका. नळ फुटतील."

"मग पुढचा कॉक उघड, इकडचं पाणी तिकडं जाईल."

"जाईल, पण हे लोखंड निवायला संध्याकाळ होईल."

काकांनी भावाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "तोवर हा थांबायचा नाही," ते म्हणाले. "अंगणात ठेवू."

"अंगणात कुत्री आहेत," लीच्यू म्हणाली.

शेवटी चौघांनी फळी उचलली आणि म्हाताऱ्याला पुढच्या खोलीत आणलं. माणसं बिया घेऊन मागे गेली. सासूबाई आपली गादी गुंडाळून, ओठ आवळून त्यांच्यामागून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बहीण आली. घरातल्या सगळ्यांत चांगल्या खोलीत वडिलांना पाहून ती ताइशानच्या गळ्यात पडली.

"दादा, ही खोली बाबांना दिलीस तू. मला वाटत होतं, त्यांना मागे कुठंतरी टाकलं असशील."

ताइशान तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

म्हाताऱ्याला पुरून आले, पाहुणे पांगले. पुढच्या खोलीचा कॉक उघडावा म्हणून ताइशान खाली वाकला, तेवढ्यात मागच्या खोलीतून सासूबाईंनी हाक मारली. त्या म्हाताऱ्याच्या पलंगावर पाय पसरून, नुसत्या पातळ सदऱ्यात बसल्या होत्या.

"राहू दे ते बंद. मी आता इथंच राहीन," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा गेले बिचारे, बोलू नये. पण उगाच कुरकुरायचे बघ. काय ऊबदार आहे ही खोली."

"हो, आई," ताइशान म्हणाला.