सहावी पोझिशन

दसऱ्याच्या संध्याकाळी गिटारची परीक्षा होती आणि विजयसिंह तिसऱ्यांदा बसत होते. पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाला असलं खूळ लागू नये, पण लागलं. शाहूपुरीतलं स्पेअर पार्टचं दुकान बंद करून ते क्लासला जात. यंदा नापास झाले तर क्रांती मॅडम त्यांना बालवर्गात बसवणार होत्या. तिथला सगळ्यात मोठा विद्यार्थी दुसरीत होता.

परीक्षेला पेंटॅटॉनिक स्केल होतं, म्हणजे मोजून पाच सूर. तेच सूर गिटारच्या दांड्यावर पाच जागी सापडतात, त्या पाच पोझिशन. त्यात मेजर वेगळं, मायनर वेगळं. काही केल्या डोक्यात राहीना, तेव्हा विजयसिंहांनी बायकोच्या टिकल्या दांड्यावर चिकटवल्या. मायनरला लाल, मेजरला पिवळ्या. या हुशारीवर ते इतके खूश झाले की सरावच सोडला.

खंडेनवमीला त्यांच्या आईने, धोंडुबाईंनी, विळी, दुकानातले नट-बोल्टचे पाने, स्कूटर आणि गिटार पूजेला मांडली.

"पूर्णिमा, तुझ्या टिकल्या हितं कशाला गं? पूजेची वस्तू हाय ती," त्या सुनेवर ओरडल्या. मग एकूणएक टिकली खरवडून त्यांनी दांडा पुसला आणि मन लावून हळदीकुंकवाची बोटं उठवली. गिटारच्या भोकात झेंडूही सोडला.

पुजलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो. त्यामुळे विजयसिंहांनी गिटार थेट स्टेजवरच घेतली. लाल ठिपके होते, पिवळेही होते.

"मायनर वाजवा, काका," मॅडम म्हणाल्या.

दुसराच सूर भलता लागला. पण ठिपक्यांशिवाय आधार नव्हता. लालवरून ते घाबरून पिवळ्यावर गेले, पुन्हा लालवर आले. आत झेंडू खुळखुळत होता. समोरची पोरं आपट्याची पानं टाकून डोलायला लागली.

"काका, ही कुठली पोझिशन?" मॅडमनी हळूच विचारलं.

"पाचातलीच की."

"पाची मला पाठ हायत. ही त्यातली न्हाय."

विजयसिंहांनी लाल-पिवळी बोटं पाहिली आणि त्यांना सगळा उलगडा झाला. "आईची हाय," ते म्हणाले.

मॅडमनी धोंडुबाईंना प्रेक्षकांतून बोलावून कोरी गिटार दिली. "मावशी, हिच्यावर पण करा बघू."

"कुंकू आणा की मग," धोंडुबाई पदर खोचत म्हणाल्या.

रविवारी विजयसिंह बालवर्गाच्या सतरंजीवर मांडी घालून बसले. शेजारच्या मैथिलीने त्यांना जागा करून दिली.

"तुमची आई वरच्या वर्गात शिकवती व्हय?"

"व्हय."

"बरं हाय तुमचं," ती म्हणाली. "माझी मला सोडून घरला जाती."