रोहिणी आणि बिनकाळजाची माणसं

आमच्या समोरच्या दारातली रोहिणी घरात आली की आधी जांभई द्यायची. कशा आहात नाय, काय चाललंय नाय. उंबऱ्यावर उभी राहून तोंडाचा आ करायची, मोठी जांभई द्यायची आणि चष्मा वर सारून आपल्या तोंडाकडं बघत राहायची. आपल्याला जांभई आली की ती खूश. "बरं झालं वहिनी, तुम्ही नॉर्मल." नाय आली की नुसतं "हं" म्हणायची, आणि वरून, "पर्सनल घेऊ नका हां."

ती तेव्हा बारावीला होती, आर्ट्सला. घरात ती आणि तिचे पप्पा, दोघंच. आई मी इथं यायच्या आधीच वारलेली. कॉलेजात तिला मानसशास्त्र नावाचा विषय होता आणि त्यात प्रोजेक्ट करायचा होता. बाकीच्या पोरींनी सोपे सोपे घेतले, परीक्षेची भीती, नायतर टीव्हीचा मुलांवर परिणाम. हिनं घेतला सायकोपॅथ. सरांनी विचारलं म्हणे, अगं नाशिकरोडला कुठं भेटणार तुला सायकोपॅथ. तर ही बोलली, सर, आमच्या बिल्डिंगपासून सुरुवात करते.

मी तर तो शब्दच पहिल्यांदा ऐकला. मी आठवी शिकलेली, येवल्याकडच्या खेड्यातली, इथं आले तेव्हा मला गच्चीची भीती, गॅसची भीती, कुरिअरवाल्याची भीती. भाजीला निघाले की निम्म्या जिन्यातून परत यायची, शेगडी बंद केली का बघायला. ह्यांची नोकरी एकलहऱ्याला, वीजकेंद्रात, शिफ्टची, म्हणजे घरात मी आणि आमचा यश, नुकता पाय फुटलेला. आणि असल्या बाईला रोहिणीनं समोर बसवून समजावलं, की वहिनी, सायकोपॅथ म्हणजे वेडा नाही, वेडा लगेच कळतो. हा आपल्यासारखाच दिसतो, गोड बोलतो, हसतो, पण आत काळीज नसतं. समोरचा रडून मेला तरी ह्याला काही होत नाही. दुसऱ्याची जांभई बघून ह्याला जांभईसुद्धा येत नाही. शेजारी पण असू शकतो. त्या दिवशी कुरिअरवाला माझ्याशी गोड बोलला तर मी सही न करता दार लावलं.

बिल्डिंगला मात्र हा प्रोजेक्ट लय आवडला. रोहिणी घरोघर विचारत फिरली, तुमच्या ओळखीत असं काळीज नसलेलं कोणी आहे का. निम्म्या सुनांनी सासू सांगितली. सासवांनी सुना सांगितल्या. उरलेल्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी सांगितले, कारण पाण्याची मोटर त्यांच्या ताब्यात. खालच्या दळवीकाकूंनी तर सोताहून रोहिणीला बोलवलं, जावेची माहिती द्यायला, साबुदाण्याची खिचडी करून. रोहिणी सांगत होती, खिचडी संपली पण जाऊ संपेना.

मंग तो शब्द भांडणात आला. आधी बाया एकमेकींना सटवी म्हणायच्या, आता कपड्याचं पाणी खाली टपकलं की सायकोपॅथ. सेक्रेटरींनी शेवटी फळ्यावर लिहिलं, सभासदांनी एकमेकांस सायकोपॅथ म्हणू नये, ही विनंती. पण आतून तेच जास्ती घाबरलेले. रोहिणी जिन्यात दिसली की तिनं तोंड उघडायच्या आधीच जांभई देऊन मोकळे व्हायचे. सगळ्यांनी सगळ्यांची नावं दिली. सोताचं नाव एकानं पण दिलं नाय.

मला हसू यायचं ह्या सगळ्याचं, पण ते आमच्या घरात येईपर्यंत.

दुपारी रोहिणी यशला खेळवायची, तेवढ्यात माझी अंघोळ व्हायची. एक दिवस मी केस पुसत बाहेर आले तर ही फरशीवर त्याच्यासमोर बसलेली, ओढणीत तोंड घालून मोठ्यामोठ्यानं रडतीये. मी घाबरले. तर यशनं तिच्याकडं बघितलं, टाळ्या वाजवल्या आणि खदाखदा हसला. तिनं परत रडून दाखवलं. हा परत हसला, जास्ती हसला, पार मागं पडला हसता हसता.

रोहिणीनं ओढणी बाजूला केली. मी विचारलं, काय गं. ती बोलली, "लहान मूल दुसऱ्याचं रडणं ऐकून रडायला लागतं, वहिनी. हा हसतोय." आणि ह्या वेळी पर्सनल घेऊ नका, असं पण म्हणाली नाय.

झालं. माझं जेवण गेलं. मी दिवसभर त्या लेकराच्या मागं. दाराला बोट लागलं म्हणून खोटं कळवळले, तो हसला. पोटात दुखतंय म्हणून लोळले, तो माझ्या पोटावर बसला. त्यानं मुंगीवर पाय दिला की मी त्याला उचलून बाजूला न्यायची. झोपला की मी त्याचं तोंड बघत बसायची, एवढंसं नाक, आणि मनात यायचं की हा मोठा होऊन गोड बोलंल, हसंल, आणि मी मरायला टेकले तरी ह्याला काय वाटणार नाय. आणि हे ह्यांना सांगायचं तर कोणत्या तोंडानं सांगू, की तुमचं पोरगं तसलं निघालं.

सांगायच्या आधीच मला दिसलं. हे शिफ्टवरून येऊन यशला वरणभात भरवत होते. त्यानं तोंड फिरवलं. तर ह्यांनी डोळ्यावर हात घेतले आणि, नाय खाल्लं तर बाबा रडणार, ऊंऊं, ऊंऊं. यश खदाखदा हसला आणि आ करून घास घेतला. मी पण रोज तसंच भरवते. त्याची आजी आली की ती पण तसंच भरवती. आमच्या घरात रडणं म्हणजे घास खायचा खेळ, लेकरू हसंल नायतर काय करंल.

ह्यांनी विचारलं, अशी काय बघतीस. मी लेकराचं तोंड पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी यशला कडेवर मारला आणि सरळ समोरच्या दारात.

मी रोहिणीला लय बोलले. की तुझा प्रोजेक्ट तुझ्यापाशी ठेव, एका आईला असं बोलतात का, माझं रगत आटवलंस. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरोबर आहे वहिनी, टेस्टच चुकली. खोट्या रडण्यानं कळणारच नाही. त्याच्यासमोर कोणीतरी खरं रडायला पाहिजे.

मी म्हणाले, मंग रड की.

"तेच येत नाही ना मला," ती बोलली. यशला खाली ठेवलं होतं, तो तिच्या चपला ओढत होता, ती त्याच्याकडं बघून बोलत होती. "आई गेली तेव्हा पण नाही आलं. आत्या म्हणाली हिरवी साडी कुठंय, मी काढून दिली. काकू म्हणाली बांगड्या, कुंकवाची डबी, ती दिली. पाण्याचे ग्लास, पप्पांच्या गोळ्या. आई आजारी पडल्यापासून कपाट मीच लावायचे, दुसऱ्या कोणाला काही माहीतच नव्हतं. मग शेजारून पिठलं-भाकरी आली, कडू घासाची. सगळ्यांनी नुसती तोंडाला लावली. मला भूक लागली होती, मी पोटभर खाल्लं. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, आई गेली आणि पोरीच्या डोळ्यात टिपूस नाही, दगड आहे नुसता."

मंग चष्मा वर सारून म्हणाली, "पर्सनल घेऊ नका वहिनी, पण बिल्डिंगमध्ये कोणी असेलच तसं, तर ती मीच असणार."

मला पुस्तकातलं काय कळतंय. मला नुसतं ते कपाट दिसलं, आणि बाहेर रडणाऱ्या बाया, आणि त्या कपाटाशी ही एवढीशी पोर, एकेक वस्तू देत.

मी म्हणाले, "अगं, त्या सगळ्या बसून रडल्या. तुला रडायला येळ कोणी दिला?"

तिनं चष्मा काढला. ओढणीनं पुसला. पुसतच राहिली. आणि मंग तिच्या तोंडातून जो आवाज आला तो त्या ओढणीतल्या रडण्यासारखा अजिबात नव्हता, उचकी लागल्यासारखा, नाक वाहतंय, तोंड वाकडं झालंय, श्वास घ्यायला थांबावं लागतंय.

यशनं चप्पल सोडली. तिच्याकडं बघत बसला. त्याचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि त्यानं असा भोंगा पसरला की सगळा जिना दणाणला. आई असून मी त्याला उचललं नाय. उभी राहून बघत होते, आणि मला एवढा आनंद झाला की माझं पण रडू थांबंना.

रोहिणी हुंदके देत त्याच्याकडं बोट करत होती. "वहिनी, बघा. रडतोय."

"तू पण रडतीयेस," मी म्हणाले, आणि दोघांना कुशीत घेऊन खालीच बसले.

दळवीकाकू धापा टाकत वर आल्या. उघड्या दारातून विचारलं, काय झालं गं, कोण गेलं.

मी उठले. म्हणाले, "कोणी नाय काकू, प्रोजेक्ट चाललाय." आणि दार लावून घेतलं.