गादीत गुंडाळलेला सूर

हॅलिफॅक्समध्ये गिटार वाजवणारे ढीगभर असतील. पण ज्याला सुराचा कान म्हणतात तो अख्ख्या गावात एकच, आणि तो माझ्या डोक्याला चिकटलेला आहे! म्हणून गिटारसाठी जुन्या घाटाचा, काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हवाला ॲम्प्लिफायर घेतला, तेव्हाच मी बायकोला बजावलं, "ग्लेनिस, याचा ओव्हरड्राइव्ह मी असा सुधारतो, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल!"

"शेजाऱ्यांच्या आत्ताच येतंय," ग्लेनिस म्हणाली.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय, तर ॲम्प्लिफायरला झेपणार नाही इतका आवाज चढवायचा. मग सूर जरासा फाटतो आणि त्याला घसा बसलेल्या गवयासारखी गोड खरखर येते. मी व्हॉल्व्ह बदलले, स्पीकर बदलला, तारांना डाग देताना भुवई भाजून घेतली. पण खरी खरखर यायची ती बटण शेवटपर्यंत पिळल्यावरच! आणि तसं पिळलं की पलीकडच्या मिसेस ओल्डरॉइडच्या कपबशा नाचत नाचत फळीच्या कडेला यायच्या.

"बाहेर ने ते धूड!" ग्लेनिसनं हुकूम सोडला.

मागच्या अंगणात माझी लाकडी शेड होती. तिला आतून गाद्या लावल्या तर? आवाज आतल्या आत! मी ॲम्प्लिफायर गुपचूप नेऊन ठेवला आणि मग घरातल्या गाद्या, उशा, ब्लँकेटं, किटली अशी वरात सुरू केली. मिसेस ओल्डरॉइडना भिंतीवरून दिसली ती फक्त वरात.

"नॉरिस, सगळं ठीक आहे ना रे?"

"काय सांगू! घरात जमेना आता. किती दिवस दाबून ठेवायचं? एकदा मोकळं सोडायलाच हवं!"

"अरे देवा! आणि ग्लेनिस?"

"तिनंच तर बाहेर काढलं!"

"मग आता... नवीन शोधणार?"

"छे! जुनं टाकून नवं आणणाऱ्यातला मी नाही!"

बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. मला वाटलं, सर्दी.

मी शेडमध्ये शिरलो, दार लावलं, बटण पिळलं. काय सूर! लोणी लावलेल्या कानशीसारखा! बाहेर मात्र गाद्यांतून गाळून एवढंच पोचत होतं, 'ऊंऽऽ... हूंऽऽ... हूंऽऽऽ.' संध्याकाळी दाराशी मटणाच्या स्ट्यूचं झाकलेलं पातेलं! म्हटलं, रसिक आहेत लोक. मिटक्या मारत खाल्लं.

दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चचे पाद्री आले. मी दारातच उभा राहिलो, आत जागाच नव्हती.

"नॉरिस, मी बाहेरून सगळं ऐकलं," ते हळूच म्हणाले.

"खरंच? कसं वाटलं?"

"काळीज पिळवटलं रे."

"अगदी तळातून येत होतं ना?"

"अगदी तळातून."

"हे तर काहीच नाही! थांबा, तुमच्यासाठी आणखी जोरात करतो!"

"नको, नको! अशानं आजारी पडशील!" म्हणत ते थेट आमच्या स्वयंपाकघरात घुसले. ग्लेनिस केक भाजत शीळ घालत होती.

"तो तिकडेच बरा," ती म्हणाली. "किती दिवसांनी घरात शांतता आहे!"

पाद्री चहा न घेताच उठले. त्यांनी मिसेस ओल्डरॉइडना सांगितलं, मिसेस ओल्डरॉइडनी ब्रॅडफर्डला फोन लावला, आणि दुपारच्या आत माझ्या सासूबाई भावाची व्हॅन घेऊन हजर! सगळी मंडळी अंगणात. सासूबाईंनी दार खेचलं. मी डोळे मिटून, मान मागे टाकून रंगात आलो होतो. सगळ्या गल्लीवर 'कुंऽऽऽईंऽऽ' असा सूर कोसळला. पाद्री दचकून धप्पकन गुलाबाच्या ताटव्यात बसले.

मी घाईघाईनं बटण बंद केलं.

"म्हणजे," पाद्री काटे काढत म्हणाले, "तू रडत नव्हतास?"

"रडतोय कशाला? ब्लूज होतं ते, दुःखाचं संगीत!"

"माझा स्ट्यू!" मिसेस ओल्डरॉइड किंचाळल्या.

सासूबाईंनी मात्र माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ग्लेनिस, बॅग भर."

"अहो, पण आमचं भांडणच झालेलं नाही!" मी म्हणालो.

"तेच तर! बायकोसाठी रडत असतास, तर मी स्वतः तुझी समजूत घातली असती. पण तू सुखात आहेस, नॉरिस! खोक्यासाठी माझ्या मुलीला पलंगाच्या उघड्या फळ्यांवर झोपवलंस आणि वर सुखात आहेस!"

मी मोठ्या आशेनं ग्लेनिसकडे पाहिलं. ती पाठ चोळत होती.

"आठवडाभर जाऊन येते," ती म्हणाली. "आईकडे पलंगावर गादी असते."

व्हॅन गेली. आमच्या गाद्याही सासूबाईंनी व्हॅनमध्ये कोंबल्या. मी रिकाम्या शेडमध्ये जमिनीवर बसलो. गिटारकडे बघवेना. ग्लेनिस केक तेवढा ठेवून गेली होती. पहिला घास घेतला आणि काय झालं कोण जाणे, हुंदकाच फुटला. मग दुसरा. मग आवरेचना!

पलीकडून भिंतीवर झाडू आपटला.

"नॉरिस!" मिसेस ओल्डरॉइड ओरडल्या, "बंद कर ती मेली गिटार!"