पहिल्या बाटलीचे सोपानराव

सोपानरावांनी नाशिकपासून बारामतीपर्यंतच्या बहुतेक लहान वायनरी पालथ्या घातल्या आहेत. कुठे नवी वाइन निघाली की तिची पहिली बाटली त्यांच्या घरी येते. आणि आजवर त्यांनी वाइनचा एक थेंबही जिभेवर ठेवलेला नाही. दारू पिण्याचा सरकारी आजीवन परवाना मात्र त्यांच्याकडे आहे. प्लास्टिकच्या कव्हरात घालून तो त्यांनी रेशनकार्डाशेजारी जपून ठेवला आहे.

"कायदा म्हंजी कायदा, वहिनी," ते मला म्हणाले होते. "पीत न्हाई म्हनून परवाना काढू नये, आसं कुटं लिवलंय?"

ते आमच्या चिंचवडच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. सोसायटीची जमीन एकेकाळी त्यांच्या घराण्याची होती, त्यामुळे ते खाणाखुणा जुन्याच सांगतात. लिफ्टपाशी उभे राहिले की "इथं आमचा गोठा व्हता" म्हणतात, आणि लिफ्ट बंद पडली की "म्हशी बी इथंच अडून बसायच्या" असं सांगून जिना चढणाऱ्यांना धीर देतात.

नोकरी त्यांनी आकुर्डीला दुचाकीच्या कारखान्यात केली, क्वालिटी विभागात. समोर आलेला सुटा भाग हातात घ्यायचा, उजेडात धरायचा आणि पास, रिवर्क किंवा रिजेक्ट असं सांगायचं. निवृत्तीनंतर भाग यायचे थांबले, सांगणं थांबलं नाही. सोसायटीचा गणपती, टीव्हीवरचे पुढारी, नवी सून, जुना वॉचमन, सगळे त्यांच्या हाताखालून जातात. माझा उपमा गेली बरीच वर्षं रिवर्कमध्ये आहे.

त्यांच्या बाटल्या फडताळात नसतात. एका वायनरीवाल्यानं त्यांना सांगितलं होतं की बाटली आडवी ठेवा, अंधारात ठेवा, गारव्याला ठेवा आणि घाई करू नका. सोपानरावांना हे वर्णन ओळखीचं वाटलं. त्यांनी पलंगाखाली वाळलेलं गवत अंथरलं, त्यावर बाटल्या निजवल्या, वर पुन्हा गवत आणि गोणपाट घातलं. आंब्याची घालतात तशी वाइनची अढी. दर गुरुवारी ते गोणपाट उचलून बाटल्या उलटवतात आणि खोल श्वास घेऊन वास बघतात. बुचबंद काचेला कसला वास येणार?

"सोपानराव, हे आंबे नव्हेत," माझे पती श्रीधर त्यांना एकदा म्हणाले.

"मग काय कांदं हायेत, सर? फळच ना शेवटी?"

श्रीधर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि मी तिथेच ग्रंथपाल होते. विद्यार्थ्यांच्या कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर असे. त्या दिवशी मात्र ते खाली वाकले आणि बाटल्या उलटवायला मदत करू लागले. त्यांची दोस्ती तिथून सुरू झाली.

दोघांनी कामं वाटून घेतली होती. कंपनीत लागताना सोपानरावांनी दारू न पिण्याची शपथ घेतली होती, आईच्या समोर, देवावर हात ठेवून. तेव्हा चाखायचं काम श्रीधरांचं. "मी नाक आन डोळा, सर जीभ," असं ते वायनरीत सगळ्यांना सांगत. पेला ते ट्यूबलाइटकडे धरून फिरवत, हुंगत आणि पुढे सरकवत.

"बोला, सर."

"जराशी तुरट आहे."

"तुरट म्हंजी? जांभळावानी का सुपारीवानी?"

"जांभळासारखी."

"घसा धरती का सोडती?"

"सोडते."

"पास!"

काउंटरवरची मुलं तोंड फिरवून हसत. श्रीधर रविवारी संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर वाइनपेक्षा या बोलण्याची झिंग जास्त असे. मी पुस्तकातून मान वर करून विचारी, "काय झालं आज?" मग जेवण होईपर्यंत मला सगळं साभिनय ऐकायला मिळे.

सोपानरावांची खरी ओढ मात्र चवीची नव्हती. त्यांना भवानी करायची असे. दुकानातली पहिली विक्री म्हणजे भवानी. ती चांगल्या हातानं झाली की पुढचा धंदा चांगला होतो असं आपल्याकडे मानतात. नव्या वाइनची पहिली बाटली आपल्याच हातानं विकत घ्यायची, हा त्यांचा नेम. त्यासाठी ते गेट उघडायच्या आधी जाऊन उभे राहत. एका ठिकाणी वॉचमननं त्यांना एक्साइजचा साहेब समजून खुर्ची दिली आणि मालकाला अंघोळीतून बाहेर बोलावलं. घासाघीस ते कधी करत नसत, फुकट दिलेली बाटली घेत नसत. हळूहळू वायनरीवालेच फोन करू लागले. "काका, शनिवारी नवी लाल काढतोय. या."

मागच्या वर्षी श्रीधर गेले. सोपानरावांची गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली. फोन आला की ते एवढंच सांगत, "नाक हाय, पन जीभ गेली." मला हे जिन्यात ऐकू येई आणि मी पायऱ्या हळू चढे.

त्या फोनांपैकी एक फोन पुन्हा पुन्हा यायचा, तो रुपालीचा. रुपाली आणि तिचा नवरा अमोल चाकणला सुट्या भागांच्या एका कंपनीत कामाला होते. नोकऱ्या सोडून त्यांनी नारायणगावच्या पुढे, अमोलच्या वडिलांच्या द्राक्षबागेत, लहानशी वायनरी घातली. नुसत्या रिकाम्या टाक्या होत्या तेव्हा श्रीधर आणि सोपानराव ती बघून आले होते. पहिल्या बाटलीला आम्ही दोघं येणार, असा शब्दही देऊन आले होते. आता वाइन तयार होती, बाटल्या भरून खोक्यात बसल्या होत्या, हॉटेलवाले विचारत होते, पण अमोलच्या आईनं हट्ट धरला होता. काकांचा हात लागल्याशिवाय एकही बाटली बाहेर जाणार नाही. आणि काका निघत नव्हते.

एके सकाळी दाराबाहेरून हाक आली. सोपानराव बेल वाजवत नाहीत. "हाय का घरी?" असं विचारतात आणि उत्तर येईपर्यंत जोडे काढत नाहीत.

"वहिनी, एक इचारू?"

"विचारा की."

"तुमी जीभ व्हाल का?"

मला आयुष्यात बरंच काही विचारलं गेलं आहे, पण हे नव्हे. मी म्हटलं, "सोपानराव, मी कधी घेतलेली नाही."

"म्हनून तर. कोरी जीभ. मापायचं नवं गेज आनल्यावानी."

मग मी खरं कारण सांगितलं. नव्या धंद्याची पहिली विक्री, शुभ काम. तिथे मी कशाला? मला कोणी काही म्हटलं नव्हतं, मीच मागे सरकत गेले होते. पुतणीच्या हळदीला स्वयंपाकघरात थांबले, लग्नात शेवटच्या रांगेत बसले. शेजारी नवी गाडी आली तेव्हा पेढा घेतला, पण गाडीजवळ गेले नाही. मागे सरकायची सवय लागायला वेळ लागत नाही.

सोपानरावांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं, मग गाडीत बसा. पेला मी भाईर आनतो. भवानीच्या टायमाला उतरू नका. चालंल?"

ती दोघं पोरं खोळंबून बसली आहेत हे मलाही बघवत नव्हतं. मी हो म्हटलं.

चाकणला नेहमीप्रमाणे सगळं थांबलं होतं. एका बाजूला कंपनीच्या बसा, दुसऱ्या बाजूला कांद्याचे ट्रक, मध्ये आम्ही. श्रीधरांच्या सीटवर बसून मी पुढे बघत होते. सोपानरावांनी इंजिन बंद केलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याजवळ कांताबद्दल बोलले. कांता त्यांची बायको. ती आम्ही सोसायटीत येण्याआधीच गेली होती.

"नवं दुकान दिसलं का तिचं पाय वळलंच. गल्ल्यावर नवं मानूस एकलं बसल्यालं तिला बगवत नसं. काय बी घ्यायची. सलून उघडलं तवा मला ढकललं आत. आदल्या दिवशीच केस कापल्यालं!"

"मग?"

"मग काय, दाढी केली. दाढी बी सकाळी केल्याली." त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला. "तिचा दहावा तिच्या माह्यारी केला, ओतूरकडं. येताना रस्त्याला पत्र्याची शेड दिसली. झेंडूचं तोरन, नवा बोर्ड, टेबलाशी एक पोरगा एकलाच. पाय वळलं. मला वाटलं रसवंती हाय. म्हनलं, एक दे. त्यानं बाटली दिली, टोपी काढून पाया पडला. घरी येऊन चष्मा लावला, तवा कळलं काय आनलं ते. दहाव्यावरनं वाइन घेऊन आल्याला मानूस मी!"

मला हसू आलं. आवरायला गेले तर जास्तच आलं. वर्षभरात असं हसले नव्हते. सोपानराव पुढच्या ट्रककडे बघत म्हणाले, "हसा. ती बी हसली आसती."

"चालते का ती वायनरी?"

"जोरात. शेड कमी पडती म्हनत्यात."

वायनरी म्हणजे द्राक्षांच्या मांडवाच्या कडेची पत्र्याची शेड होती. बाहेर टेबलावर पांढरी चादर, त्यावर बाटल्या. अमोलची आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. ताटात हळदकुंकू, सुपारी आणि साखरेची वाटी. रुपाली धावत आली, अमोल तिच्या मागे. ठरल्याप्रमाणे मी गाडीतच बसले आणि काच खाली केली.

सोपानरावांनी पेला उन्हात धरला, फिरवला, हुंगला. मग तो दोन्ही हातांत घेऊन गाडीपाशी आले.

"जीभ."

मी घोट घेतला. पहिल्यांदा तोंड आंबट झालं, मग कोरडं. मी खरंच नाराज झाले, त्या मुलांसाठी. नाही आवडली असं यांना कसं सांगायचं, या विचारात होते, तेवढ्यात काहीतरी बदललं.

"बोला, वहिनी."

"आवळा खाल्ल्यावर पाणी पितो ना आपण? तसं. आधी काहीच नाही, मागून गोडी येते."

"मागनं येती? नक्की?"

"नक्की. अजून येतेय."

"पास!" ते शेडकडे तोंड करून ओरडले. रुपालीनं अमोलचा दंड धरला. मग सोपानरावांनी माझ्या बाजूचं दार उघडलं. "उतरा."

"आपलं ठरलं होतं."

"ठरलं व्हतं. तुमी बसलात. आता उतरा. आज हात तुमचा."

मी अमोलच्या आईकडे बघितलं. तिनं माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं असावं असं मला वाटलं. तिच्या हातातलं ताट जागच्या जागी थांबलं होतं. "नको, सोपानराव," मी हळू म्हटलं. "तुमचाच हात लावा. त्यासाठी ही माणसं थांबली आहेत."

सोपानराव मात्र हळू बोलले नाहीत. ते त्यांना जमत नाही.

"वहिनी, मी पहिली बाटली घेतली तवा डोसक्यावर केस नव्हतं. बायको जाऊन धा दिस झालं व्हतं. त्या पोरानं माझ्या पाया पडून घेतलं. तवापासनं समदे म्हनत्यात, काकांचा हात चांगला. माझी बायको गेली, तुमचं सर गेलं. मटेरियल एकच. मग एक पीस पास आन दुसरा रिजेक्ट, ही कसली इन्स्पेक्शन?"

मांडवात कुठेतरी ठिबकचं पाणी टपटपत होतं. मग अमोलची आई ताट घेऊन टेबलाला वळसा घालून गाडीजवळ आली.

"या बाई," ती म्हणाली. "उन्हात कशापायी बसलात?"

तिनं माझा हात आपल्या हातात घेतला आणि तळव्यावर चिमूटभर साखर ठेवली. मी ती खाल्ली. मग पर्स उघडली आणि पहिली बाटली घेतली. रुपालीनं नोटा डोळ्यांना लावल्या आणि गल्ल्यात ठेवल्या. अमोल उगाचच टेबलावरची चादर सारखी करत राहिला.

परतताना बाटली माझ्या मांडीवर होती. मी म्हटलं, "ही अढीत घालायची ना?"

"ती तुमची. तुमच्या पलंगाखाली गवत घाला," सोपानराव म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "न्हाईतर उघडा. सर आसतं तर थांबलं नसतं."

चाकणच्या अलीकडे, कंपन्यांच्या शिफ्टा सुटायच्या वेळेला, रस्त्याकडेला एक नवी हातगाडी दिसली. रंग इतका ताजा की उन्हात चमकत होता. पुढे झेंडूची माळ, स्टोव्ह पेटलेला, आणि मागे एक बाई पदर खोचून रस्त्याकडे बघत उभी. समोर कोणी नव्हतं. बसा येत होत्या आणि न थांबता जात होत्या.

सोपानरावांनीही तिला बघितलं असणार, कारण गाडीचा वेग कमी झाला. पण ते मान सरळ ठेवून पुढेच बघत राहिले.

"सोपानराव, बाजूला घ्या गाडी."

"का? भूक लागली?"

"नाही."

त्यांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले, उतरायचं काही लक्षण दाखवलं नाही. मी बाटली सीटवर ठेवली आणि उतरले. मला येताना बघून ती बाई लगबगीनं हात पुसू लागली.

"या ताई. काय देऊ?"

गाडीवर काय मिळतं ते मी बघितलंच नव्हतं.

"एक द्या," मी म्हटलं.