वरणाची स्वारी आणि पिकपच्या हवेचा फैसला

श्री. थोरामोठ्यांनी चित्त देऊन ऐकावे. वरवट बकालचे खासा हिंमतराव यांची पिकप नदीच्या वाळूत कैसी रुतली, आणि टायरात हवा किती ठेवावी याचा फैसला कोणी केला, ते वर्तमान घडले तैसे लिहिले असे. पदरचे तिखटमीठ घातले नाही. थोडे घातले, ते चवीपुरते.

हिंमतरावांची कन्या संजीवनी जानेफळास किसनरावांचे घरी दिली, त्यास वर्ष जाहले. व्याही मंडळी प्रथमच रोडग्यांचे जेवणास येणार, म्हणोन सातपुड्याच्या पायथ्याचे शेती बेत ठरला. हिंमतरावांचे कुटुंब विमलबाई गोवऱ्यांत कणकेचे रोडगे भाजावयास पुढे गेल्या, आणि व्याही मंडळीही एस्टीने येऊन नदी पायी पार उतरली, आणि मग वरणाचे पातेले, म्हणजे भला थोरला गंज, पिकपवर चढवून खासा निघाले. संजीवनी गंज धरून मागे बसली. वरण सांडले तर जानेफळात जन्मभर ऐकावे लागेल, ही तिला धास्ती होती.

हवेविषयी हिंमतरावांचा कायदा जुना. टायरास टाच मारावी, ठण्ण वाजले तरच गाडी हलवावी. हा डांबरी सडकेचा दस्तूर खासा रानातही चालवीत. पंक्चरवाला पुरे म्हणत असता त्यांनी आणखी हवा भरविली, आणि मग कूच जाहले. परंतु गोट्यांच्या वाटेस लागताच गाडी उडो लागली, गंजाचे झाकण नाचो लागले, आणि वरणाची पहिली तुकडी संजीवनीच्या नव्या साडीवर कामास आली. पुढे नदीचे कोरडे पात्र लागले, आणि कडक चाके वाळूत शिरली, आणि खाशांनी जो जो रेस दिली तो तो अधिकच खाली गेली. गंज उकळता आणि वजनी, हातोहात नेण्याजोगा नव्हता.

पैलतीरी किसनराव कमरेस हात देऊन उभेच होते. ते गर्जले, "व्याही, हवा सोडा! पार बसवून टाका टायर!"

व्याह्याच्या सांगण्यावरून हवा सोडणे म्हणजे गड खाली करून देणे. हिंमतरावांनी जबाब केला, "भरल्या गाडीची हवा कोनी सोडते का हो?" येणेप्रमाणे उभयपक्षी तोंडाची लढाई जुंपली, आणि तिकडे रोडगे निवो लागले, आणि इकडे वरण थिजो लागले.

संजीवनी वर्षभर सासरी माहेरचे आणि माहेरी सासरचे ऐकून घेत आली होती. तिच्या सबुरीचा खजिना तेथेच सरला. खाली उतरून तिने हुकूम केला, "बाबा, दगडावानी टायर वाळूत चालत नाही. मामाजी, पार बसवलं तं भरल्या गाडीचं टायर रिमातून निघन. थोडीशीच हवा सोडायची, टायरचा गाल जरासा फुगला का बस्स. आता दोघंही चूप राहा!"

मग केसांतील पिन काढून तिने चारही चाकांची हवा बेताने सोडिली.  मग खाशांनी क्लच हळूच सोडिला, आणि गाडी म्हशीच्या चालीने वाळू तुडवीत पार गेली. वरण जागचे हलले नाही.

पंगत बसली. किसनरावांनी वरण पुनःपुन्हा मागून घेतले, आणि मिशा पुसून जाहीर केले, "आमच्या सुनेनं गाडी काढली!" हिंमतराव तत्क्षणी उठोन म्हणाले, "लेक माही हाय!" नवे युद्ध पेटणार, तो वाढता वाढता संजीवनीने पुसले, "जाताना वाळू नाही, फेऱ्याची डांबरी सडक हाय. एवढ्या मानसाइले घेऊन जायाचं. हवा कोन भरते?"

 मग शेतात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या पेटीतून पंप निघाला, तो तिने दोघांचे मध्ये ठेविला, आणि आपण लिंबाच्या सावलीस पान मांडून बसली. एक व्याही दमला की दुसरा लागे, आणि दोघेही घामाघूम होऊन अदबीने पुसत, "झाली का व माय?" ती तुपात रोडगा चुरीत फर्मावी, "आनखी."

ऐसी मोहीम फत्ते जाहली. दोन्ही घराणी एका पंपास लागली, आणि लग्नानंतर प्रथमच संजीवनी दोहोंच्या देखत पोटभर, सावकाश जेवली. हे दप्तरी दाखल असे.